पाटीची मागची बाजू

माझं नाव शहजादी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळा नावांचाच घोळ आहे. नाव शहजादी आणि हाताला सदानकदा तारपिनाचा वास. गडचांदूरच्या बसस्टँडमागे आमचं पेंटिंगचं दुकान होतं, अजूनही आहे. नवरा अयूब ट्रकांवर मोर काढायचा आणि निवडणुकीत भिंती रंगवायचा. अक्षरं माझी. अयूबच्या हातून 'क्ष' कधी सरळ उभा राहिला नाही, तरी दुकानावर बोर्ड 'अयूब पेंटर' असाच. तोही मीच लिहिला, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही.

ही २००१ सालची गोष्ट. गावाबाहेर सहा खाटांचा एक दवाखाना नवा झाला होता. तो बांधला गुणवंतरावांनी. मोठे कास्तकार, कापूस आणि सोयाबीन, मिशी भरघोस आणि आवाज मिशीहून भरघोस. चार वर्षांपूर्वी त्यांची सून बाळंतपणात अडली. चंद्रपूरला न्यायला जीप काढली तर नदीच्या पुलावर पाणी. पाणी उतरायची वाट बघता बघता ती आणि बाळ, दोघंही जीपमध्येच गेली. तेराव्याच्या पंगतीत गुणवंतराव उठून म्हणाले, इथी दवाखाना होईल. आणि केला. माणूस हेकट, पण एकदा बोलला की बोलला. दवाखान्यावर स्वतःचं नाव मात्र त्यांनी पाच ठिकाणी घालून घेतलं, पाण्याच्या टाकीवरसुद्धा. पाचही ठिकाणी मीच लिहिलं, त्यामुळे त्यांचं नाव मला डोळे मिटून लिहिता येतं.

मग त्यांच्या मनात आलं की दवाखाना नव्हता तेव्हा जे जे असे वाटेत गेले, त्यांची नावं दवाखान्याच्या बागेत लावायची. कोणाला साप चावलेला, कोणाचा ताप डोक्यात गेलेला, कोणी बाळंतीण. दवाखान्याच्या कमिटीने आसपासच्या गावांत फिरून एक्केचाळीस नावं जमवली. विचार चांगला होता, मला तेव्हाही वाटलं होतं. काम घेऊन गुणवंतराव स्वतः दुकानात आले.

"काळा गिरनाट दगड," ते म्हणाले. "आठ फूट उंच. वर मायं नाव मोठ्यानं, खाली बाकीच्यायचे."

"भाऊ, मेलेल्यायची यादी हाय," मी म्हटलं. "वर तुमचं नाव घातलं तं लोक काय समजतीन?"

गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. वरचं नाव रद्द झालं.

गिरनाट आणायच्या आधी नमुना पाहू म्हणून अयूबने आठ फुटी प्लायवूडवर मजकूर आखला आणि मी एक्केचाळीस नावं लिहून दिली. बोर्ड दवाखान्याच्या फाटकाशी उभा केला. तो सोमवार होता, बाजाराचा दिवस. एक माणूस तापलेल्या बायकोला सायकलवर बसवून घेऊन आला. फाटकाशी थांबून त्याने नावं मोठ्याने वाचायला घेतली. नवव्या नावावर सायकल वळवली. "एकाच दवाखान्यात इतके?" असं म्हणत तो बाजारात गेला आणि दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं की नव्या दवाखान्यात एक्केचाळीस माणसं दगावली. खरं तर तिथे तोवर टाके घालण्यापलीकडे काही झालं नव्हतं. शेवटी डॉक्टर गळ्यात नळी घालून बाहेर आले आणि तो बोर्ड त्यांनी स्वतः ओढत आत नेला.

म्हणून ठरलं की नावं फाटकाशी नकोत, मागच्या बागेत हवीत. यादी दिसता कामा नये, एकेक नाव वेगळं असावं.

दुसरा प्रश्न धुळीचा. आमच्याकडे सिमेंटच्या कारखान्यांची धूळ. ती साधी असती तर झटकली असती, पण रात्री दव पडलं की सकाळी ती जमलेली असते. उभी राहिलेली प्रत्येक वस्तू राखाडी होते. दुकानावरचा 'अयूब' मला महिन्यातून एकदा खरवडून काढावा लागतो. गिरनाट लावला असता तर सहा महिन्यांत एक्केचाळीस माणसं पुन्हा पुरली गेली असती.

गुणवंतराव पुन्हा दुकानात आले तेव्हा मी रंगाच्या डब्याचं झाकण घेतलं, त्याला भोक पाडलं, सुतळीने दुकानाच्या वाशाला टांगलं आणि फुंकर मारली. झाकण गरगर फिरलं.

"हलते त्याच्यावर धूळ बसत नाई," मी म्हटलं. "पाइपाची चौकट करू. तिच्यात शाळेच्या पाटीएवढे टिनाचे तुकडे टांगू. एका तुकड्यावर एक माणूस. वारा आला का आपोआप साफ."

"आवाज होईल," अयूब म्हणाला.

"सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घालू कडीत."

गुणवंतराव झाकणाकडे पाहत राहिले. मग त्यांनीही एक फुंकर मारली. "दोन्ही आंगानं नाव लिहा लागंल," ते म्हणाले. "फिरली तं मागून कोरी दिसाले नाई पाह्यजे."

ते ठरलं. दुसऱ्या दिवसापासून ही हलत्या पाट्यांची युक्ती गुणवंतरावांची झाली. कमिटीत सांगितली, बँकेत सांगितली, चंद्रपूरला जाऊन कोणा साहेबाला सांगितली. आयत्या बिळावर नागोबा. पाचवरून सहाव्या ठिकाणी नाव घालायला सांगितलं नाही हेच पुष्कळ.

पाट्यांना अयूबने खाली तांबड्या रंगाचा हात मारला, वर पांढऱ्याचा, आणि मी एका बाजूची नावं लिहून त्या दुकानासमोर वाळत लावल्या. त्याच दिवशी कमलाबाई आली. जिवतीच्या रस्त्यावरच्या एका गावची, साठीच्या आसपासची, पदर कमरेला खोचलेला. एसटीने आली होती. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "याच्यात दिव्यानी कोनती?"

मी दाखवली. अक्षर माझ्या मते त्या सगळ्यांत तेच चांगलं आलं होतं. दुसऱ्याच्या घरचं भांडं चुकून आपल्याकडे यावं तशी ती त्या पाटीकडे पाहत राहिली.

"मी नाई ओळखत हिले," ती म्हणाली. "माही पोट्टी लच्छू."

तेव्हा मला कळलं की ही गुणवंतरावांच्या गेलेल्या सुनेची आई. आमच्या भागातल्या हिंदू घरांत लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पेढे वाटतात. त्या दिवसापासून जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याच्या आत. गुणवंतरावांच्या मुलाने, हेमराजने, तांदळात 'दिव्यानी' लिहिलं होतं. लच्छू हे नाव त्यांना खेड्यातलं वाटलं असेल. ते आहेही खेड्यातलंच. आमच्यात लग्नात नाव बदलत नाहीत. बाकी सगळं बदलतं, घर, चूल, झोपायची वेळ, पण नाव आपलं आपल्याजवळ राहतं. म्हणून मला या गोष्टीकडे कधी नीट पाहायची गरजच पडली नव्हती.

"भाऊले सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हने, आमच्या घरी दिव्यानी आली आन् दिव्यानीच गेली." कमलाबाईने बोटं मोजली. "एकोनीस वर्स लच्छू होती. अडीच वर्स दिव्यानी. मंग पाटीवर कोन पाह्यजे, तूच सांग."

"यादी माही नाई, मावशी. त्यायची हाय."

"मले वाचता नाई येत," ती म्हणाली. "कोनी वाचून दाखवंल तं दिव्यानीच वाचंल. मी थ्या बागेत जाईन आन् फूल कोनाले वाहू?"

ती रडली नाही. मला रडणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं, न रडणाऱ्याला येत नाही. ती एसटी पकडायला उठली तेव्हा मी पाटी उलटून पाहिली. मागची बाजू अजून कोरी होती.

"मनातबी आनू नको," अयूब आतून म्हणाला. त्याला माझी पाठ पाहूनच कळतं. "भाऊनं साफ सांगितलं हाय, दोन्हीकून एकच नाव. पुढच्या साली निवडणूक हाय, भिंती त्यायच्याच हातात हाय. खालीपिली झंझट."

"मागची बाजू कोन पाह्यते?"

"फिरती पाटी हाय, शहजादी. तिले मागची बाजू नसतेच."

हे खरं होतं. पण मी ब्रश घेतला होता. 'लच्छू' लिहायला तीन मिनिटं लागली. अयूब दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "म्या काई पाह्यलं नाई."

इथेच थांबायला हवं होतं. पण मला एक खोड आहे, एक ओळ लिहिली की तिच्याखाली दुसरी हवीच वाटते. एक्केचाळीस पाट्यांपैकी सतरा बायकांच्या होत्या. मग बाकीच्या सोळा काय पाप करून आल्या होत्या? 'नावं तपासायची आहेत' असं कमिटीला सांगून मी पिशवी उचलली आणि पंधरा दिवस एसटीने फिरले. त्यांच्या सासरी गेले नाही, माहेरी गेले. कोणाची बहीण भेटली, कोणाची म्हातारी आई, कोणाची शाळेतली मैत्रीण. कोरपन्याकडची एक बहीण नाव सांगताना इतकी हसली की शेवटी डोळ्याला पदर लावावा लागला. वीस वर्षांत ते नाव तोंडातून निघालं नव्हतं म्हणाली. प्रत्येकीला मी बजावलं, बाई, कोणाला सांगू नका. आणि कोणीच सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लच्छू धरून पंधरा जणींची नावं मिळाली. दोघींची मिळाली नाहीत. एकीचं माहेरच उरलं नव्हतं. दुसरीचा सख्खा भाऊ होता. तो बाजेवर बसून बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "आमी बाईच म्हनत होतो." मला त्या भावाचा राग आला. अजून येतो. त्या दोघींच्या पाट्यांवर दोन्हीकडे सासरचंच नाव लिहिलं.

अयूब घाबरट असला तरी कारागीर आहे. त्याने तोड काढली. बागेतल्या चौकटीत पाट्या टांगल्या तेव्हा बायकांच्या प्रत्येक पाटीला खालून एक भोक पाडलं आणि बारीक तारेने ती खालच्या पाइपाला बांधून टाकली. सासरची बाजू पुढे. "कार्यक्रम होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "पाव्हणे गेले का मी तार काढतो. मंग कवा फिरली, कोनी पाह्यली, आपल्याले काय मालूम."

कार्यक्रम माघात ठेवला होता. मंडप, खुर्च्या, माइक. चंद्रपूरहून तो साहेबही आला. बायकांची गर्दी एवढी की सतरंज्या कमी पडल्या. ज्या बहिणी आणि म्हाताऱ्या मी गाठल्या होत्या त्या सगळ्या आपापल्या गावातून बस भरून आल्या होत्या. गुणवंतरावांना वाटलं, आपलं भाषण ऐकायला आल्या आहेत. कमलाबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या हातात झेंडूचं एक फूल होतं. गुणवंतरावांच्या बाई, सुगंधाबाई, पुढे खुर्चीवर होत्या. बारीक चणीच्या, कधी चारचौघांत बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. नवऱ्याचा आवाज दोघांना पुरत होता.

नारळ फुटला. वारा सुटला. आणि चोवीस पुरुष गरगर फिरायला लागले, सतरा बाया जागच्या जागी.

साहेबाने विचारलं, "त्या का फिरत नाहीत?"

गुणवंतरावांनी अयूबकडे पाहिलं. अयूबचा चेहरा पांढऱ्या रंगाच्या हातासारखा झाला होता. "बाया हाय, भाऊ," तो म्हणाला. "मर्यादा पाळून राह्यल्या."

साहेब हसला. लोक हसले. पण युक्ती गुणवंतरावांची होती, आणि ती निम्मी बंद पडलेली त्यांना साहेबासमोर कशी चालेल? ते हातात माइक घेऊनच चौकटीपाशी गेले आणि अर्थात आपल्या सुनेच्या पाटीशी थांबले. तार त्यांना दिसली. "बांधून कायले ठेवली बावा," असं माइकवर म्हणत त्यांनी ती स्वतःच्या बोटांनी उलगडली आणि पाटीला टिचकी मारली. मी पाहत होते आणि काही करू शकत नव्हते.

गुणवंतरावांना एक सवय आहे. समोर अक्षर आलं की ते मोठ्याने वाचतात, मैलाचा दगडसुद्धा. माइक तोंडाशी होता.

"दिव्यानी," ते म्हणाले. पाटी फिरली. "लच्छू." पाटी पुन्हा फिरली. "दिव्यानी. लच्छू."

कर्ण्यातून ते नाव पार रस्त्यापर्यंत गेलं. आणि तिसऱ्या रांगेतून कमलाबाईने "हो" म्हटलं. मुलीच्या नावाने कोणी हाक मारली की दारातून आई ओ देते तसं. ती उठली, माणसांमधून वाट काढत पाटीपाशी आली, फूल कुठे अडकवता येईना म्हणून तिने ते सुटून लोंबणाऱ्या तारेलाच खोचलं. त्याबरोबर सतरंज्यांवरून आणखी बाया उठल्या. एकेकीने आपापल्या पाटीची तार सोडली. वारा होताच.

गुणवंतराव लाल झाले. "अयूब," ते म्हणाले, "रंगाचा डबा आन. आत्ताच्या आत्ता. हे मांगचं सारं पूस. पयले हे पूस." बोट लच्छूच्या पाटीवर होतं.

अयूब हलला नाही, कारण त्याला हलताच येत नव्हतं. तेवढ्यात सुगंधाबाई खुर्चीवरून उठल्या आणि नवऱ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. आवाज बारीक होता, पण माइक मधेच होता.

"पुसा," त्या म्हणाल्या. "पन आधी मायं नाव सांगा."

"सुगंधा. दुसरं काय?"

"थे तुमी तांदळात लिवलेलं. त्याच्या आधीचं."

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. कर्णा नुसता घूं करत राहिला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि तीनशे माणसं ऐकत होती.

"याद येत नाई तवर त्या पोट्टीच्या पाटीले हात लावाचा नाई," सुगंधाबाई म्हणाल्या. "मायं नाव सांगा आन् खुशाल पुसा." आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

"सांगतो," गुणवंतराव म्हणाले. "सांगून पुसतो." आणि हा माणूस एकदा बोलला की बोलला, हे मी आधीच सांगितलं आहे. म्हणून मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं नाही. कमलाबाईने एसटीत चढताना एवढंच विचारलं, "त्यायले याद येईल का वं?" मी म्हटलं, नाई येणार. माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

पुढचे तीन आठवडे गडचांदूरची करमणूक झाली. गुणवंतरावांना नाव आठवणार कसं, त्यांना ते कधी कोणी सांगितलंच नव्हतं. तांदळात काय लिहायचं तेही त्यांच्या आईने ठरवलं होतं. त्यांनी नुसती अंगठी फिरवली होती. मग ते रोज ताटावर बसले की एक नाव टाकून पाहायचे. "सखू?" सुगंधाबाई म्हणायच्या, "नाई," आणि भाकर वाढायच्या. "चंद्रभागा?" "नाई. भाजी देऊ?" चहाच्या टपरीवर माणसं त्यांना नवी नवी नावं सुचवायची. त्यांनी लग्नाची जुनी पत्रिका शोधली, पण तीत 'चि. सौ. कां. सुगंधा' छापलेलं, पत्रिका त्यांच्याच घरची. एकदा ते दुकानात येऊन स्टुलावर बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "तू साऱ्यायच्या माहेरी फिरली. हिच्या माहेरी गेली असशीन."

"बाई जित्या हाय, भाऊ," मी म्हटलं. "त्यायचं नाव यादीत नव्हतं. तुमच्या घरीच हाय त्या, त्यायलेच विचारा."

"विचारलं," ते म्हणाले. "सांगत नाई."

मग ते चार दिवस दिसले नाहीत. कळलं की वणीकडे बाईंच्या माहेरच्या गावी गेलेत. सासू-सासरे कधीच गेले होते, मेहुणे नागपूरला. पण खेड्यात एखादी म्हातारी शिल्लक असतेच.

सोमवारी सकाळी ते दुकानात उभे राहिले. "नाव सापडलं," म्हणाले. "डबा घे. चाल."

अयूब म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, नको, लिहिलं मी, पुसेनही मीच. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मी त्यांच्यामागून दवाखान्याकडे चालत गेले. माझा संताप झाला होता. मनात म्हटलं, शोधायचं तेव्हा अडतीस वर्षं शोधलं नाही आणि पुसायचं म्हटल्यावर वणीपर्यंत एसटीने जाता येतं.

सोमवार म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे कमलाबाई आलेली. ती बागेत पाटीपाशी होती, पदराने टिन पुसत. माझ्या हातातला डबा तिने पाहिला. तिने पाटी दोन्ही हातांनी धरली.

गुणवंतराव तिच्यासमोर थांबले.

"उकंडी," ते म्हणाले.

आम्ही दोघी पाहत राहिलो.

"आमच्या हिच्या वरचे चार लेकरं जगले नाई. म्हनून हे झाली तं उकिरड्यावर ठेवून उचलून आनली, आन् नाव ठेवलं उकंडी. मायी माय म्हने, पाटलाच्या घरात उकिरडा कायले, सुगंधा ठेवा." त्यांनी टोपी काढली, उगाच आत पाहिलं, पुन्हा घातली. "काल सांजच्याले घरी आलो. म्हटलं, आता सांगतो. आंगनातून हाक मारली, उकंडे."

त्यांचा आवाज भरघोस राहिला नव्हता.

"कमलाबाई, अडतीस वर्स मी तिले हाका मारून राह्यलो. येते. हातातलं काम ठेवते, पदर सावरते, येते. काल धावत आली. हाताले पीठ, पायात चप्पल नाई, साठ वर्साची बाई आंगनात धावत आली, आन् मले पाहून थांबली. तिले वाटलं, कोनी दुसरंच आलं."

कमलाबाईने पाटी सोडली नव्हती.

"तुयी पोट्टी मायाकडे अडीच वर्स होती," गुणवंतराव म्हणाले. "दिव्यानी म्हटलं का येत होती. चांगली होती, कवा उलटून बोलली नाई. पन धावत आलेली म्या तिले कवा पाह्यली नाई."

"लय धावाची," कमलाबाई म्हणाली. "लच्छू म्हटलं का घर सोडून धावाची."

गुणवंतरावांनी मान हलवली आणि माझ्या हातातून डबा काढून घेतला. त्याचं झाकण उघडलंच नव्हतं. तो तसाच बंद घेऊन ते फाटकाकडे चालायला लागले.